सिस्टर व्हायचंय? राजीनामा टाकण्याआधी हे वाचा

राजीनाम्याचं पत्र मी दोनदा लिहिलं. पहिलं मार्चअखेरीस, रात्री साडेनऊला, अंधेरीच्या ऑफिसात. लेजर जुळत नव्हतं आणि साहेब सगळ्यांदेखत बोलले होते. पत्रात 'वैयक्तिक कारणास्तव' असं होतं, मनात मात्र 'मी देवाच्या सेवेला चालले' असा मोठा दिमाख. सकाळी वसई रोडला गाडीची वाट बघताना ते पर्समधून काढलं आणि फाडून टाकलं. दुसरं पत्र त्यानंतर सव्वादोन वर्षांनी लिहिलं. त्या दिवशी लेजर जुळलेलं होतं, साहेबांनी नुकतीच पगारवाढ दिली होती आणि मला कुणाचाही राग नव्हता.

त्या सव्वादोन वर्षांत मी काय केलं, आणि काय करायचं राहून गेल्यामुळे पुढे नाकी नऊ आले, ते इथं लिहिते आहे. आता माझी अखेरची, म्हणजे आयुष्यभराची, व्रतं होऊन बरीच वर्षं झाली. दर रिट्रीटनंतर, म्हणजे प्रार्थना-शिबिरानंतर, कुणी ना कुणी मुलगी कोपऱ्यात गाठते. "सिस्टर, मला पाचारण आहे, देवाची हाक आहे असं वाटतं, काय करू?" प्रार्थना कशी करायची हे सगळ्या विचारतात. पीएफचं काय करायचं हे आजवर एकीनंही विचारलेलं नाही.

हा लेख सिस्टर, म्हणजे कॉन्व्हेंटमधली व्रतस्थ संन्यासिनी, होऊ पाहणाऱ्या नोकरदार कॅथलिक मुलींसाठी आहे. बारावीनंतर थेट जाणारीकडे मागे सोडायला फारसं काही नसतं. तुमच्याकडे पगार असतो, एसआयपी असते, कर्ज असतं, कदाचित ठरत आलेलं लग्नही असतं. प्रवचनात पेत्रानं येशूमागे जायला जाळी सोडून दिली एवढंच ऐकू येतं. पण लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूच सांगतो की बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहतं आणि लोक हसतात. मी अकाउंट्सवाली, मला हा उतारा फार जवळचा वाटतो.

१. हाक आहे की पळवाट, ते आधी बघा

इथं घाई करू नका. मी या एका पायरीवर वर्षभर होते, आणि ते वर्ष वाया गेलं असं मला वाटत नाही.

संत इग्नेशियस, जेझुइट या धर्मसंघाचा संस्थापक, याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. दरबार, तलवार, कुणा थोर घरच्या बाईची मर्जी, ही रंगवताना मजा यायची, पण संपली की मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याची स्वप्नं मात्र संपल्यावरही मन ताजं ठेवायची. हा फरक कळायला त्याला बरेच दिवस लागले.

मी त्याचंच एक साधं रूप केलं. जुन्या कॅशबुकच्या उरलेल्या पानांवर तीन रकाने पाडले: तारीख, काय वाटलं, दोन दिवसांनी त्यातलं काय उरलं. पाच महिने लिहिलं. पांढरी साडी, पोर्चमध्ये लोकांचं 'सिस्टर, सिस्टर' म्हणणं, माझ्या निरोपाच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) रडणाऱ्या मैत्रिणी, हे सगळं दुसऱ्या रकान्यात भरपूर आणि तिसऱ्यात जवळजवळ शून्य. तिसऱ्या रकान्यात पुन्हा पुन्हा आली ती एक आजी. आमच्या पॅरिशच्या (गावच्या चर्चच्या) आजारी-भेट गटातून रविवारी दुपारी आम्ही तिच्याकडे जायचो. तिला कुशीवर वळवून खालची चादर बदलायची, आणि ती दर वेळी विचारायची, "तू कोणाची गो?" त्यात काही खास नव्हतं. तरी मंगळवारी ट्रेनमध्ये उभी असताना ते आठवायचं आणि बरं वाटायचं.

स्वतःला एक प्रश्न विचारा: आत्ता जी अडचण आहे ती उद्या सकाळी मिटली, तरी मला जायचंय का? स्थळं बघायला येताहेत म्हणून, कुणीतरी सोडून गेला म्हणून, घरात वहिनीशी पटत नाही म्हणून कॉन्व्हेंटकडे बघणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. कॉन्व्हेंटमध्ये वहिनी नसते, पण वीस बायका असतात.

इग्नेशियसचा आणखी एक नियम पाठ करून ठेवा. मन खचलेलं असताना आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. तो पुढे आत गेल्यावरही कामी येतो.

या काळात एक आध्यात्मिक मार्गदर्शक हवा. फादर, सिस्टर, कुणीही चालेल, पण ज्या संघात जायचा विचार आहे तिथली व्होकेशन प्रमोटर, म्हणजे नव्या मुली शोधणारी सिस्टर, नको. ती चांगलीच असते, पण तिला तुम्ही यायला हव्या असता.

२. संघ निवडताना पत्रक नाही, घर बघा

सगळे संघ सारखे नसतात. कार्मेलसारख्या मठात सिस्टर बाहेर पडत नाहीत, त्यांचं काम प्रार्थनाच. काही संघ शाळा चालवतात, काही दवाखाने, काही वस्त्यांत राहतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं सगळीकडे आहेत. मिशनरीज ऑफ चॅरिटीमध्ये चौथं व्रत असतं, गरिबांतल्या गरिबांची मनापासून विनामूल्य सेवा करण्याचं.

पत्रकात सगळ्याच सिस्टर हसत असतात. तुम्ही विचारायचं ते हे: घरात रोज कोणती भाषा बोलतात? गेल्या पाच वर्षांत किती जणी आत आल्या आणि त्यातल्या किती राहिल्या? म्हाताऱ्या सिस्टर कुठं राहतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकण्यापेक्षा बघून या. मी ज्या घरात गेले तिथं ऐंशीच्या पुढच्या दोन सिस्टर जेवणाच्या टेबलावर सगळ्यांबरोबर बसल्या होत्या आणि भाजीत मीठ कमी आहे यावरून वाद घालत होत्या. माझा निर्णय तिथंच अर्धा झाला.

वयाची अट प्रत्येक संघाची वेगळी असते. तिशी ओलांडली असेल तर आधी फोनवरच विचारा, उगाच हेलपाटा नको.

आणि नकार आला तर तो जगाचा अंत नाही. मला पहिल्या ठिकाणी नकार मिळाला होता, महिनाभर तोंड लपवून फिरले. मग आपलाच गोन्सालो गार्सिया आठवला. वसईत जन्मलेला हा मुलगा जेझुइटांबरोबर जपानला गेला, त्यांच्याकडे काम केलं, पण त्यांनी त्याला संघात घेतलं नाही. मग तो व्यापारी झाला आणि धंदा चांगला जमला. तो जमलेला धंदा सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात तो ब्रदर झाला, फादर नव्हे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारलं. १८६२ साली तो संत ठरला. आपल्याकडे त्याचा सण वाजतगाजत होतो, पण त्याला आधी एका दारातून परत पाठवलं होतं हे कुणी फारसं सांगत नाही.

(फादर होऊ पाहणाऱ्या भावांसाठी थोडक्यात: धर्मप्रांताचे फादर दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत, ते बिशपना आज्ञापालनाचं आणि ब्रह्मचर्याचं वचन देतात. किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान शिकावं लागतं, आणि पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा मिळत नाही. आधी आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटा. खालच्या पैशाच्या पायऱ्या तुम्हालाही लागू आहेत.)

३. 'कम अँड सी'ला रजा टाकून जा, नोकरी सोडून नाही

बहुतेक संघ काही दिवस येऊन राहायला बोलावतात. त्यासाठी राजीनामा देणारी मुलगी मला माहीत आहे. हसू नका, उत्साहात माणूस काहीही करतो. तुमची साठलेली रजा यासाठीच आहे. जाताना पाहुणी म्हणून जाऊ नका, भांडी घासायला उभ्या राहा. खरी माणसं सिंकपाशी भेटतात.

एकदाच नको, दोनदा जा. एकदा सणाच्या दिवसांत आणि एकदा परीक्षांच्या किंवा पावसाच्या दिवसांत, जेव्हा सगळ्या दमलेल्या असतात.

४. घरी सांगणं

मी आईला भाकऱ्या थापताना सांगितलं. ती काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी मात्र करपली, आणि आमच्या घरात भाकरी करपल्याचं मला आठवत नाही. बाबा वाडीतून आले, केळीचं लोंगर ओट्यावर ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पगार कुणाच्या खात्यात जाणार?"

मला तेव्हा वाईट वाटलं. आता वाटतं की तो सगळ्यात सरळ प्रश्न होता. उत्तर असं: व्रतं घेतल्यावर तुम्ही जे कमावता ते संघाचं होतं, पेन्शनसुद्धा. शाळेत शिकवणारी सिस्टर पगार घेते तो कॉन्व्हेंटच्या सामाईक खात्यात जातो. त्यावर करही लागतो. अनुदानित शाळांतल्या सिस्टर-फादरांच्या पगारातून टीडीएस कापला जाणार, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. तेव्हा 'मी तिकडून दर महिन्याला पाठवीन' असं आईबाबांना चुकूनही सांगू नका. पाठवता येणार नाही.

घर तुमच्या पगारावर चालत असेल तर ही गोष्ट संघाला पहिल्याच भेटीत सांगा. माझ्या धाकट्या भावाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं. सुपिरिअर, म्हणजे तिथल्या प्रमुख सिस्टर, म्हणाल्या, "त्याची फी भरून झाल्यावर ये." मला तेव्हा ते देवाच्या कामात अडथळा वाटलं. नंतर मार्कचं शुभवर्तमान नीट वाचलं. याकोब आणि योहान हे शिष्य बापाला, जब्दीला, होडीत सोडून येशूमागे गेले, हे खरं. पण मार्क एक बारीकसा तपशील देतो की जब्दीबरोबर होडीत मजूर होते. म्हाताऱ्याला एकट्याला जाळं ओढायला ठेवून पोरं गेली नव्हती.

घरातलं एक माणूस तरी विरोध करणारच. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला 'कम अँड सी'नंतर एकदा कॉन्व्हेंटला घेऊन जा आणि चहा पाजा. माझ्या मोठ्या भावाचा विरोध तिथल्या कुत्र्यानं संपवला, ते वेगळं.

५. पैशाचा निचरा

ही पायरी लांब आहे, कंटाळा करू नका.

*कर्ज.* चर्चच्या कायद्यातच लिहिलंय की जिच्यावर कर्ज आहे आणि ते फेडायची ऐपत नाही, तिला नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या प्रशिक्षणात, घेऊ नये. म्हणजे शैक्षणिक कर्ज, दुचाकीचं कर्ज, क्रेडिट कार्डची थकबाकी, सगळं फेडून 'थकबाकी नाही' असा दाखला हातात घ्या. कार्ड नुसतं कापू नका, बँकेकडून बंद झाल्याचं लेखी घ्या.

*जामीन.* इथं मी आपटले. चार वर्षांपूर्वी चुलतभावाच्या टेम्पोसाठी पतपेढीत जामीनदार म्हणून सही केली होती आणि साफ विसरले होते. तो हप्ते भरत होता, त्यामुळे कधी पत्रही आलं नाही. अर्जातला प्रश्न होता: 'इतर कोणाच्या कर्जाची जबाबदारी आहे का?' पेन तिथंच थांबलं. जामीनदार बदलणं हे कर्ज फेडण्यापेक्षा किचकट. पतपेढीला तितक्याच पगाराचा दुसरा माणूस हवा, त्याचे कागद हवेत, मग कमिटीची बैठक. सात महिने गेले. आजच बसा आणि आठवा, कुठं कुठं सह्या केल्या आहेत. गृहकर्जात सहकर्जदार असाल तर तेही.

*पीएफ.* सलग पाच वर्षं नोकरी होण्याआधी काढलात तर त्यावर कर लागतो. थोडेच महिने कमी असतील तर थांबा. पेन्शनचा भाग वेगळा असतो, त्यासाठी दहा वर्षं लागतात. माझी सहा वर्षं आठ महिने झाली होती. अशा वेळी पेन्शनची रक्कम काढून घेण्याऐवजी फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या. पुढे कधी परत नोकरी लागली तर ही वर्षं धरली जातात. 'मी कशाला परत येतेय' असं म्हणू नका. शेवटची पायरी वाचा.

*विमा.* ऑफिसचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपतो. आईबाबा त्यात असतील तर त्यांची वेगळी पॉलिसी आधी सुरू करा, नंतर पत्र द्या. वय झालेल्या माणसांना नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी थांबावं लागतं.

*सिम कार्ड.* हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नोव्हिशिएटमध्ये मोबाइल जमा होतो. रिचार्ज बंद पडलं की काही महिन्यांत नंबर बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो. आधार, पॅन, बँक, पीएफ, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर. माझ्याबरोबरच्या एकीला तीन वर्षांनी पॅनसाठी आधार केंद्रावर ताटकळावं लागलं. नंबर घरी कुणाकडे तरी चालू ठेवा, यूपीआय बंद करा, एसआयपी थांबवा, आणि कोणती गोष्ट कुठं आहे याची एक पानाची यादी करून आईकडे द्या.

६. हक्कसोडपत्रावर सही करू नका

निरोपाची तारीख ठरली की नातेवाइकांना अचानक तुमच्या दारिद्र्याच्या व्रताची काळजी वाटू लागते. आमच्याकडे जमिनीचे भाव काय झालेत ते तुम्हाला माहीत आहे. घरातलंच एक माणूस टाइप केलेला कागद घेऊन आलं. "तुला आता काय करायचंय वाडीचं? दुय्यम निबंधकाकडे पाच मिनिटांचं काम आहे."

ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू होतो, आणि त्यात मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा. कॉन्व्हेंटमध्ये गेल्यानं तो आपोआप जात नाही. चर्चचा नियमही घाई करायला सांगत नाही. पहिल्या व्रतांआधी तुम्ही मालमत्तेचा कारभार कुणाकडे तरी सोपवायचा, मालकी तुमचीच राहते. अखेरच्या व्रतांआधी देशाच्या कायद्यात टिकेल असं मृत्युपत्र करायचं. या दोन्हींच्या मध्ये बरीच वर्षं जातात, आणि त्या काळात तुम्ही परत येऊ शकता. रिकाम्या हातानं परत आलेल्या मुलीला भावाच्या घरात कोणती खोली मिळते, हे मी सांगायला नको.

मी म्हटलं, "अखेरच्या व्रतांआधी बघू." चार महिने माझ्याशी कुणी बोललं नाही.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार म्हणून सही करायची नाही. एक जुनी भीती मात्र सोडून द्या. पूर्वी त्याच उत्तराधिकार कायद्यात कलम ११८ होतं: जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसानं धर्मकार्यासाठी काही ठेवायचं तर मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र केलेलं असावं लागे. केरळच्या एका फादरांनी त्याला आव्हान दिलं आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. अजूनही काही वकील जुनंच सांगतात.

७. कागदपत्रं

संघागणिक एखादा कागद इकडेतिकडे, पण एवढे लागतातच:

- बाप्तिस्म्याचा दाखला, नव्यानं काढलेला
- दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला
- अविवाहित, म्हणजे मुक्त असल्याचा दाखला
- प्रमुख धर्मगुरूंचं शिफारसपत्र
- वैद्यकीय तपासणीचा अहवाल
- आईवडिलांच्या विवाहाचा दाखला (बरेच संघ मागतात)
- शाळा सोडल्याचा दाखला, पदवीची गुणपत्रकं
- नोकरीचं अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर
- आधार, पॅन, असल्यास पासपोर्ट

घरच्या ट्रंकेतला बाप्तिस्म्याचा जुना दाखला चालत नाही. कारण बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी पुढे दृढीकरण, विवाह वगैरे लिहिलं जातं, आणि संघाला आजची स्थिती बघायची असते. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला, म्हणून त्याआधी जन्मलेल्या मुली विचारतात की दाखला मुंबईहून आणायचा का. नाही, नोंदवही तुमच्या पॅरिशमध्येच असते. सकाळच्या मिस्सानंतर ऑफिसात जा, बाप्तिस्म्याची तारीख माहीत करून जा. नावाचं स्पेलिंग तिथंच उभ्या उभ्या तपासा. माझ्या आडनावात एक 'एस' जास्त होता, आधारमध्ये नव्हता.

मानसशास्त्रीय चाचणी बरेच संघ घेतात. घाबरू नका, पण संमतीचा कागद वाचल्याशिवाय सही करू नका. अहवाल कोण वाचणार ते विचारा.

काही संघांत व्रतांच्या वेळी नवं नाव घेतात. ते नाव चॅपलमध्ये चालू द्या. आधार, पॅन आणि पदवीवर जुनंच राहू द्या.

सामानाची यादी संघ देतो. यादीबाहेरचं नेऊ नका. माझी इस्त्री परत आली.

८. राजीनामा

नोटीस पिरियड पूर्ण करा. कारण विचारलं तर खरं सांगा, दोन वाक्यांत. मी लपवायला गेले तर ऑफिसात अफवा उठली की मी कॅनडाला चालले आहे. फुल अँड फायनलचे पैसे येईपर्यंत पगाराचं खातं बंद करू नका.

९. आत गेल्यावर काय काय येतं

आधी काही महिने ते वर्षभर अस्पिरंट (इच्छुक), मग पोस्च्युलंट (उमेदवार). या काळाला प्रत्येक संघात वेगळं नाव आणि वेगळी लांबी आहे. मग नोव्हिशिएट. ते किमान बारा महिन्यांचं असावं लागतं, बहुतेकांचं दोन वर्षांचं असतं. त्यानंतर पहिली व्रतं, तीही ठरावीक मुदतीची. अशी मुदतीची व्रतं किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त नऊ वर्षं चालतात, मग अखेरची.

नोव्हिशिएटच्या त्या बारा महिन्यांचा हिशेब कडक असतो. एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त नोव्हिशिएटच्या घराबाहेर राहिलात तर ते नोव्हिशिएट रद्दच होतं, आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तेवढे दिवस भरून काढावे लागतात. तेव्हा भावाबहिणीचं लग्न त्या वर्षात येत नाही ना, ते आधीच बघा. मला टायफॉइड झाला, सतरा दिवस घरी होते, सतरा दिवस नंतर भरले. आई म्हणाली, "तुमच्याकडेसुद्धा विदाउट पे असतं होय?"

सगळ्यात अवघड काय जातं? प्रार्थना नाही, पहाटे उठणंही नाही. सहा वर्षं स्वतःच्या कमाईवर जगलेल्या बाईला साबण संपला म्हणून मागायला जावं लागतं, ते. दारावर टकटक करायची, आणि आतून आपल्यापेक्षा चार वर्षांनी लहान सिस्टर विचारणार, "मागच्या आठवड्यात दिला होता ना?" पहिल्यांदा मी खोलीत येऊन रडले. पुढच्या वेळी साबणाचे तुकडे जोडून वापरले. ही गोष्ट आधी माहीत असली तर धक्का कमी बसतो, एवढंच.

एक हक्क मात्र लक्षात ठेवा. सुपिरिअर तुम्हाला मनातल्या गोष्टी उघड करायला कोणत्याही प्रकारे भाग पाडू शकत नाही. तुम्ही होऊन बोललात तर ती वेगळी गोष्ट. तसंच कबुलीसाठी फादर निवडायची मोकळीक असते.

१०. परत यावंसं वाटलं तर

नोव्हिस कधीही निघून जाऊ शकते. मुदतीची व्रतं संपली की तेव्हाही मोकळी असते. मात्र केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. संघानं न्यायानं आणि मायेनं वागावं एवढंच नियम म्हणतो, आणि ती माया प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. म्हणूनच स्कीम सर्टिफिकेट, म्हणूनच सिम कार्ड, म्हणूनच हक्कसोडपत्र नको.

आम्ही नऊ जणी एकत्र आत गेलो होतो, चौघी राहिलो. गेलेल्या पाचजणींपैकी एक नालासोपाऱ्याला शाळेत आहे, एकीला जुळी मुलं आहेत, एक दुसऱ्या संघात सिस्टर आहे. गावानं सुरुवातीला त्यांना 'पळून आलेली' म्हटलं. शक्य असेल तर जाण्याआधीच आईला सांगून ठेवा की मी परत आले तर दार उघड, कारण विचारू नकोस. मी सांगितलं होतं. आई म्हणाली, "दार कधी लावलंय आपण?"

११. अखेरच्या व्रतांनंतरचा एक कागद

अखेरची व्रतं झाली की संघाकडून तुमच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला पत्र जातं. ते गेलं का याची खात्री करा, कधीकधी राहून जातं. माझं राहिलं होतं. वर्षभरानं घरी आले तेव्हा मीच पत्र घेऊन ऑफिसात गेले. क्लार्कनं कपाटातून ती लांबट वही काढली, कोपरे कुरतडलेले, पानं पिवळी. माझ्या नोंदीवर बोट ठेवलं. वरच्या आणि खालच्या मुलींच्या नावांशेजारी विवाहाच्या तारखा, नवऱ्यांची नावं, पॅरिशची नावं. माझ्या शेजारी एवढीशी जागा कोरी. त्यांनी पेन झटकलं, बारीक अक्षरात एक ओळ लिहिली, फुंकर मारली आणि म्हणाले, "स्पेलिंग बघून घ्या सिस्टर."

मी बघितलं. जास्तीचा 'एस' अजून तिथंच होता.